धरणाचे पाणी, पाणथळीचे पक्षी

यवतमाळ जिल्ह्यातील वन्यजीवांचा विषय निघाला की बोलणे वाघावर येते. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य वाघासाठीच प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये तिथला रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला, तेव्हा त्याची बातमी देशभर झाली. दर हिवाळ्यात हिमालय ओलांडून विदर्भातल्या मोठ्या जलाशयांवर उतरणाऱ्या पट्टकादंब हंसांची अशी बातमी होत नाही. मात्र गेल्या काही वर्षांत जिल्ह्यातही भल्या पहाटे दुर्बिणी घेऊन पाण्याकडे निघणारी माणसे दिसू लागली आहेत. सोबत एखादा जाणकार असतो. तो पक्षी दाखवतो, ओळखायचे कसे ते सांगतो. पक्षी ज्या पाण्यावर बसला आहे ते पाणी तिथे कसे आले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. हा लेख त्या पाण्याविषयी आहे.

अशा सहलीचा दिवस साधारण ठरलेला असतो. उजाडण्यापूर्वी काठावर पोहोचायचे, सूर्य पाठीशी ठेवायचा, भडक कपडे टाळायचे. प्रथम खोल पाण्यावरची बदके पाहायची: तलवार बदक, थापट्या, चक्रवाक, आपली घरची अडई आणि हळदी-कुंकू. मग उथळ पाण्यातले शेकाटे आणि चित्रबलाक. शेवटी चिखलाच्या कडेला धावणारे चिखले आणि तुतवार, ज्यांना ओळखताना मुरलेल्या माणसाचीही परीक्षा होते. खोल पाणी, उथळ पाणी आणि चिखल या तीन पट्ट्यांवर पाणथळीचे सारे जीवन उभे असते. आपल्या जिल्ह्यात हे तिन्ही पट्टे प्रामुख्याने पाटबंधाऱ्याच्या दारांमुळे तयार झाले आहेत.

याचे मूळ जमिनीत आणि महसुलाच्या इतिहासात आहे. पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या भागात, गोंड राजवटीपासून तलाव बांधण्याची परंपरा होती. कोहळी समाजाने त्यात नाव कमावले. पुढे मालगुजारी व्यवस्थेत हे तलाव मालगुजारांकडे राहिले, आणि १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. गोंदियाचा सारस आजही त्याच तलाव-बोड्यांच्या आणि धानाच्या बांध्यांच्या आधाराने तग धरून आहे. वऱ्हाडचे तसे नव्हते. १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आलेल्या वऱ्हाडात रयतवारी लागू झाली. यवतमाळचा मुलूख तेव्हा ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. १९०५ च्या फेररचनेत त्याला यवतमाळ हे नाव मिळाले आणि पुसद तालुका त्यात आला. काळी माती, कपाशी आणि पावसावरची शेती असा हा प्रदेश. भंडाऱ्यासारखी तलावांची दाट वीण इथे कधीच नव्हती.

पाणी साठले ते स्वातंत्र्यानंतर. १९६२ मध्ये बर्वे आयोगाने राज्याच्या सिंचनाचा आराखडा मांडला. १९६३ ते १९७५ या काळात मुख्यमंत्रिपदी पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक होते. त्याच काळात पूस नदीवर धरण झाले. पुढे पैनगंगेवर इसापूर, दिग्रसजवळ अरुणावती, बाभुळगाव तालुक्यात बेंबळा अशी धरणे उभी राहिली. यवतमाळ शहराची तहान भागवण्यासाठी निळोणा आणि चापडोह हे जलाशय होतेच. म्हणजे आज आपण ज्याला पक्ष्यांचे नंदनवन म्हणतो, ते बहुतेक ठिकाणी कोणाच्या तरी बुडालेल्या शेतावर वसलेले आहे. त्या शेतांचे धनी आज पुनर्वसित गावांत राहतात.

पक्ष्यांना याची फिकीर नाही. पाणी उथळ आहे का, चिखलात किडे आहेत का, रात्री निर्धास्त बसता येईल का, एवढेच ते पाहतात. १९७१ च्या फेब्रुवारीत इराणमधील रामसर येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानेही हीच दृष्टी स्वीकारली. त्या करारानुसार पाणथळ जागा नैसर्गिक असो वा माणसाने केलेली, कायमची असो वा हंगामी, ती पाणथळच. १९८२ मध्ये भारत या करारात सामील झाला. महाराष्ट्राला रामसर यादीत पहिले स्थान २०२० मध्ये मिळाले ते नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वरला. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या आरंभी सिंचनासाठी बांधलेला तो बंधारा. गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, पक्षी आले. त्याच वर्षी दुसरा मान मिळाला लोणारला, ते मात्र उल्केच्या आघाताने झालेले सरोवर. यादीत दोघांचा दर्जा एकच.

आपल्या देशातील कायद्याने मात्र निराळी वाट धरली. २०१० च्या पाणथळ नियमांत जलाशय आणि मानवनिर्मित पाणथळी स्पष्टपणे समाविष्ट होत्या. इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने उपग्रह चित्रांवरून तयार केलेल्या राष्ट्रीय नकाशासंग्रहातही त्या मोजल्या गेल्या. सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या पाणथळींची देशातील संख्या २,०१,५०३ भरली. २०१७ मध्ये नवे नियम आले. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय त्यांतील व्याख्येतून वगळले गेले. जिथे जुने नैसर्गिक तलाव आहेत तिथे याने फारसा फरक पडला नसेल. यवतमाळसारख्या जिल्ह्यात मात्र जवळजवळ सारे मोठे पाणी एका वाक्यासरशी नियमांबाहेर गेले. इसापूरच्या जलाशयाला वन्यजीव कायद्याखाली अभयारण्याचे कवच आहे. बाकीच्या पाण्यांना तेही नाही.

वगळण्यामागे तर्क नाही असे मी म्हणणार नाही. धरण शेतकऱ्यांसाठी बांधले. उन्हाळी आवर्तन सोडायचे की नाही हे बदकांवरून ठरवा, असे कोणी म्हणू लागले तर ते अन्यायाचे होईल. टँकरची वाट पाहिलेल्या यवतमाळकरांना निळोण्याच्या पाण्यावर पहिला हक्क कोणाचा हे शिकवण्याची गरज नाही. हिवाळा सरता पाणी ओसरते आणि उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर होते. ही जमीन हंगामापुरती कसायला देताना धरणग्रस्तांचा विचार प्रथम व्हावा, असे धोरण आहे. ज्याची शेती बुडाली त्याला त्या बुडालेल्या शेतात एक पीक घेऊ देणे हा उपकार नव्हे, फेड आहे. शिवाय पाण्यावर भोई बांधवांची जाळी असतात, त्यांचेही पोट त्यावरच आहे.

अडचण अशी की तुतवारांना आणि चिखल्यांना लागणारा चिखल आणि गाळपेरीचा चिखल एकच असतो. नदी सुरय मार्च ते मे या काळात पाण्यातून वर आलेल्या उघड्या बेटांवर अंडी घालतो. पाणी आणखी उतरून बेट काठाला जोडले गेले की कुत्री आणि गुरे तिथवर पोहोचतात. इथे शत्रू कोणीच नाही. एकाच ओल्या पट्ट्यावर दोघांची भिस्त आहे, आणि त्यांच्यात वाटणी करून देणारी व्यवस्था नाही.

ही वाटणी अवघड नाही. एखाद्या जलाशयाची एकच खाडी गाळपेरीतून वगळावी, विणीच्या बेटाजवळ दोन महिने जाळी लावू नयेत, एवढ्याने खूप साधते. त्यासाठी पुरावा लागतो, आणि तो पक्षिनिरीक्षकच गोळा करू शकतात. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह २०२० पासून राज्यात साजरा होतो. पण या नोंदींत बहुधा एक रकाना नसतो: त्या दिवशी धरणात पाणी किती होते? जलसंपदा विभागाकडे पाणीपातळीची रोजची नोंद असते. ती पक्ष्यांच्या आकड्याशेजारी लिहिली नाही, तर ‘यंदा बदके घटली’ या वाक्याला अर्थ राहत नाही. धरण तुडुंब असेल तर चिखले दिसणारच नाहीत, ते निम्मे असेल तर हजारोंनी दिसतील. दहा वर्षांच्या अशा जोडनोंदींवरून कोणत्या पातळीला कोणती खाडी पक्ष्यांना लागते, हे अभियंत्यापुढे आकड्यांत मांडता येईल. व्याख्येने वगळलेल्या पाण्यासाठी आज तरी याहून भक्कम कागद दिसत नाही.

म्हणून पक्षी दाखवायला नेणाऱ्याने त्या दिवशी तीन गोष्टी सांगाव्यात असे मला वाटते: समोरच्या पाण्याखाली कोणती गावे आहेत, या पाण्यावर कोणाकोणाचा हक्क आहे, आणि आजची पातळी किती आहे. मग वहीत पहिली ओळ पातळीची लिहावी, आणि दुसरीपासून पक्षी मोजावेत.