नाच्या कधी कोणाच्या प्रेमात पडला?

मराठी सिनेमात समलैंगिक पात्रं कधीपासून दिसायला लागली, असा प्रश्न निघाला की गाडी अमोल पालेकरांच्या 'थांग'पाशी, म्हणजे २००६ मध्ये येऊन थांबते. मी कोल्हापूरचा. मला ही गोष्ट गणपत पाटलांपासून सुरू करावीशी वाटते.

नाव ओळखीचं नसेल तर आईबाबांना विचारा. तमाशापटातला नाच्या म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे हाच माणूस येईल. मान वेळावत, बोटं नाचवत बोलणारा, फडावरच्या बायकांत बाईसारखा वावरणारा. १९५९ साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला, पुण्यात शंभरावर आठवडे चालला, आणि पुढची दीड-दोन दशकं तमाशापटांची रांग लागली. त्यातले कितीतरी सिनेमे कोल्हापूरच्या स्टुडिओंत घडले. नाच्याशिवाय त्यांचं पान हलत नव्हतं.

नाच्या म्हणजे समलैंगिक नव्हे, हे मान्यच. तो तमाशातला एक सोंगाचा प्रकार, पोट भरायचं काम. पण बायकी पुरुषाचं सहकुटुंब बघता येईल असं दुसरं रूप पडद्यावर होतंच कुठे? आणि या रूपाला एक अट होती. नाच्याने टोमणे मारायचे, निरोप पोचवायचे, हसवायचं. प्रेमात पडायचं नाही. त्याला घर नाही, मन नाही, रात्री फड उठल्यावर तो कुठे जातो याची चौकशी नाही. नायकाला तो कधी आवडला तर? हा प्रश्न कुठल्या पटकथेत शिरला नाही.

गणपत पाटील स्वतः बायकामुलांचे संसारी गृहस्थ. तरी लोकांनी पडद्यावरचं सोंग खरं धरलं, आणि मुलांची लग्नं जमवताना त्याचा त्रास झाला, हे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्या अनेकांनी नोंदवलंय. त्यांच्या आत्मचरित्राचं नाव 'रंगनाच्या'. थेटरात पोट धरून हसणारा प्रेक्षक सोयरीक जुळवायची वेळ आली की मागे सरत होता. मला हा सगळ्या तमाशापटांपेक्षा मोठा पुरावा वाटतो. आपण नेमकं कशाला हसत होतो, ते त्यातून कळतं.

आमच्या घरी हे सिनेमे दुपारी टीव्हीवर लागायचे. आजी, आई, काका सगळे मिळून हसायचे. मीही हसायचो, आणि हसताना माझा हात कसा हलतोय यावर लक्ष ठेवायचो.

दरम्यान मुंबई-पुण्याकडे वेगळं काही चाललं होतं. १९८१ मध्ये तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगमंचावर आलं. बाईवर प्रेम करणारी मित्रा रोहिणी हट्टंगडींनी उभी केली. शेवटी ती आत्महत्या करते. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'त महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं आलं, तेही आश्रमापुढची एक अडचण म्हणून. 'थांग'मध्ये नवऱ्याचं पुरुषावर प्रेम आहे, पण कॅमेरा मुख्यतः बायकोच्या दुःखासोबत राहतो. धाडस तिन्हींत होतं, मी ते कमी लेखत नाही. पण ही जेवणाच्या ताटावर बसून बघायची कामं नव्हती.

ती जागा पुन्हा कोल्हापूरच्या मातीनेच घेतली. २००९ मध्ये 'जोगवा' आला, गडहिंग्लज भागातल्या राजन गवसांच्या लेखनावर बेतलेला. लगोलग १ जानेवारी २०१० ला 'नटरंग', कागलच्या आनंद यादवांच्या कादंबरीवरून. दोन्हींना अजय-अतुलचं संगीत, दोन्ही घराघरांत पोचले. 'जोगवा'तल्या तायाप्पाला देवीच्या नावाने लुगडं नेसवलं जातं; ही भूमिका करणाऱ्या उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'नटरंग'चा गुणा कागलकर राजाची भूमिका करायची स्वप्नं बघतो आणि फडाला नाच्या मिळत नाही म्हणून स्वतः नाच्या होतो. गाव त्याला हिणवतं, त्याच्यावर बलात्कार होतो.

पहिल्यांदाच नाच्याला घर मिळालं, मन मिळालं. अतुल कुलकर्णींचं काम बघताना थेटरात कुणी हसत नव्हतं. पण सहानुभूतीची किंमत बघा. गुणा पैलवान गडी आहे, बायको-मुलाचा बाप आहे, हे सिनेमा आधी ठसवतो. तायाप्पाचं प्रेम सुलीवर. दोघेही 'तसले' नाहीत, म्हणून आपण त्यांच्यासाठी रडायचं. आणि समजा एखादा असता तर? 'नटरंग' यायच्या सहाच महिने आधी, २ जुलै २००९ ला, दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून संमतीचे संबंध वगळले होते. पडदा अजून खुलासे देत होता.

या खुलाशाची गरज न वाटलेला सिनेमा म्हणजे रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं'. जानेवारी २०२५ मध्ये त्याला सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि सप्टेंबरात तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. वडील वारल्यावर आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. तिथे बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो. पाव्हणेरावळे लग्नाचं विचारून भंडावतात. आईला सगळं ठाऊक आहे आणि ती त्याच्या बाजूने आहे. बाळ्या शेतीत राबतो, आनंद मुंबईत नोकरी करतो. दोघांपैकी कुणीही मान वेळावत नाही, पण मर्दपणाचा दाखलाही देत नाही. निवडुंगाची लाल बोंडं काटे काढून एकाने दुसऱ्याला खायला द्यावीत, इतक्या साध्या वेगाने सगळं घडतं.

माझ्या आईला तो दाखवायचाय. गणपत पाटलांचे सिनेमे तिला पाठ आहेत, त्यामुळे मध्येच ती काहीतरी विचारेल, याची मला खात्री आहे.