पदवीवर सही कोणाची? बुलढाण्याचं उदाहरण

प्रबंधाच्या आराखड्यात आपण सहज लिहून जातो, ‘जिल्ह्यातील पदवीधरांचा अभ्यास’. पदवीधर ठीक आहेत हो, पण कोणत्या विद्यापीठाचे? बुलढाण्यावर काम करायचं असेल तर हा प्रश्न आधी सोडवा, नाहीतर चुकीच्या गावातल्या दप्तरात महिने जातील.

१९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. पुढच्या वर्षी विद्यापीठ कायदा आला, त्याखाली विद्यापीठांच्या हद्दी ठरल्या आणि मध्य प्रांत-वऱ्हाड अलाहाबादकडे गेले. त्यामुळे त्या काळात मेहकरचा मुलगा नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकला तरी पदवी अलाहाबादची. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा कुठे परीक्षा घेणारे जवळ आले.

आता गंमत बघा. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. राज्य दोनदा बदललं, विद्यापीठ मात्र नागपूरच राहिलं. उलट १९८३ मध्ये राज्य तेच, पण अमरावती विद्यापीठ वेगळं निघालं आणि बुलढाणा तिकडे गेला. खामगावचं गो. से. महाविद्यालय १९४७ चं. इमारत तीच, पण पदवी आधी नागपूरची, नंतर अमरावतीची. कॉलेज शिकवतं, पदवी विद्यापीठच देतं. १९५६ च्या यूजीसी कायद्याचं कलम २२ तर स्पष्टच सांगतं की पदवी कोणी द्यायची. राजकीय नकाशावरून पदवीचा इतिहास काढू नका, एवढंच माझं म्हणणं.

दहावीच्या सनदेचा मालक आणखी वेगळा. १९६५ च्या कायद्याने राज्य मंडळ झालं, ते १९६६ पासून कामाला लागलं.

खरी अडचण आयटीआयची आहे. मुलाखतीत माणूस सांगतो, ‘आयटीआय केलंय’, आणि आपण तेवढंच टिपून घेतो. पण १९५६ मध्ये केंद्राने नेमलेल्या परिषदेचं, म्हणजे एनसीव्हीटीचं प्रमाणपत्र देशभर चालायचं. राज्य परिषदेचं, एससीव्हीटीचं, तसं सगळीकडे चालत नसे. एकाच संस्थेत एका तुकडीला हे, दुसरीला ते, असंही असायचं. फिटर दोघेही, हातातलं कामही तेच. पण रेल्वेच्या भरतीत अर्ज भरताना दोघांची वाट वेगळी होऊ शकायची. ‘आयटीआय पास’ अशा एकाच रकान्यात दोघांना टाकलं, तर एकाला नोकरी का लागली आणि दुसरा गावी का परतला, याचं एक संभाव्य कारण तुम्ही स्वतःच पुसून टाकता.

२०१८ मध्ये एनसीव्हीईटी अधिसूचित झाली. ती स्वतः परीक्षा घेऊन प्रमाणपत्र वाटत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. म्हणजे आता कागदामागे तिघे असतात: शिकवणारा, प्रमाणपत्र देणारा आणि देणाऱ्याला मान्यता देणारा. प्रश्नावलीत तिघांसाठी तीन रकाने ठेवा, आणि जमलं तर मूळ कागद दाखवायला सांगा. लोक जपून ठेवतात, बहुतेक वेळा लॅमिनेट करून.