सरोवराकाठचे चौऱ्याऐंशी हजार स्तूप

चीनच्या पूर्व किनाऱ्यालगत, ३० अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर, हांगचौ हे प्राचीन नगर वसले आहे. संपूर्ण चीन देशात एकच प्रमाणवेळ चालते आणि ती १२० अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली आहे. हे रेखावृत्त हांगचौच्या अगदी जवळून जात असल्यामुळे तेथील घड्याळ व सूर्य यांचा मेळ चांगला बसतो. देशाच्या पश्चिम टोकाला तो मुळीच बसत नाही. आपल्याकडे दुपारचे बारा वाजतात तेव्हा तेथे अडीच झालेले असतात. हवा दमट. हिवाळ्यात क्वचित हिमवर्षाव होतो, उन्हाळ्यात काहिली होते आणि जून-जुलैच्या सुमारास 'आलुबुखाऱ्याचा पाऊस' म्हणून ओळखली जाणारी संततधार लागते. हा ओलावा ध्यानात ठेवावा, कारण पुढील इतिहासाशी त्याचा संबंध आहे.

नगराच्या पश्चिमेस शी-हू, म्हणजे पश्चिम सरोवर आहे. ते मूळचे समुद्राच्या खाडीचा भाग. छ्येनथांग नदीच्या गाळाने मुख बुजले आणि आत गोडे पाणी साचत गेले. ते टिकले मात्र माणसांच्या कष्टाने. इ. स. ८२२ ते ८२४ या काळात येथे शासक असलेला कवी बाय जू-यी याने शेतीच्या पाण्यासाठी बांध घातला. इ. स. १०८९ मध्ये आलेल्या सू शी या कवी-प्रशासकाने गाळ उपसून त्याच गाळाचा लांबलचक बांध उभारला. त्याच वर्षी रोगराई पसरली असता त्याने एक रुग्णालय काढले व त्याचा कारभार भिक्खूंच्या हाती सोपविला. प्रवासवर्णनांत सरोवराच्या चांदण्याचे वर्णन पानोपानी आढळते, या रुग्णालयाचा उल्लेख क्वचितच.

बौद्ध धम्म येथे फार पूर्वी पोहोचला. इ. स. ३२६ च्या सुमारास ह्वेई-ली या चिनी नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारतीय भिक्खूने लिंगयिन विहाराची स्थापना केली, अशी परंपरा आहे. समोरची टेकडी पाहून त्याला मगधातील गिज्झकूट आठवला आणि हे शिखर इकडे केव्हा उडून आले, असे तो उद्गारला म्हणतात. ती टेकडी आजही 'उडून आलेले शिखर' याच नावाने ओळखली जाते. कथा आहे, इतिहास नव्हे. परंतु राजगृहाचे स्मरण हांगचौला किती जिव्हाळ्याचे वाटत होते, हे तिच्यावरून कळते.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा काळ दहाव्या शतकाचा. चीनची शकले झाली असता हांगचौ ही वू-यूए या छोट्या राज्याची राजधानी होती. त्याचा अखेरचा राजा छ्येन छू. इ. स. ९५५ मध्ये उत्तरेकडील चौ सम्राटाने हजारो विहार बंद केले आणि बुद्धमूर्ती वितळवून नाणी पाडण्याचा हुकूम काढला. नेमक्या त्याच वर्षाचा निर्देश छ्येन छूने ओतविलेल्या कांस्य स्तूपांवर आहे. वीतभर उंचीचे हे स्तूप. संकल्प ८४,००० चा. एकीकडे मूर्तींची नाणी होत होती, दुसरीकडे धातूचे स्तूप होत होते.

हा आकडा आला कोठून? इ. स. ५१२ मध्ये संघभराने चिनी भाषेत उतरविलेल्या अशोककथेत सम्राट अशोक बुद्धांच्या शरीरधातूंसाठी ८४,००० स्तूप उभारतो. छ्येन छूने आदर्श मानला तो हाच अशोक. पालि परंपरा मात्र निराळे सांगते. थेरगाथेत आनंद थेर आपण ८२,००० धम्मस्कंध बुद्धांकडून व २,००० भिक्खूंकडून ग्रहण केल्याचे सांगतात. महावंसात अशोक मोग्गलिपुत्त तिस्स थेरांना धम्मस्कंध किती, असे विचारतो आणि प्रत्येकामागे एक याप्रमाणे विहार बांधवितो. म्हणजे पालि कथेत हा आकडा अस्थींशी नव्हे, तर उपदेशाशी बांधलेला आहे.

छ्येन छूच्या हातून हे दोन्ही प्रवाह, बहुधा नकळत, एकत्र आले. त्याने 'करंडमुद्रा धारणी' या ग्रंथाच्या ८४,००० प्रती छापविल्या, आणि इ. स. ९७५ च्या सुमाराच्या प्रती सरोवराकाठच्या लेईफंग स्तूपाच्या पोकळ विटांत ठेवविल्या. चीनमधील मुद्रणकलेचे हे फार जुने नमुने होत. तरीही एक गोष्ट नमूद केलीच पाहिजे. हा ग्रंथ वाचण्यासाठी छापलेला नव्हता, विटेत बंद करण्यासाठी छापलेला होता. धम्मस्कंध म्हणजे ऐकण्याचा, आचरणाचा उपदेश. तो येथे न वाचताच पुण्य देणारी वस्तू झाला. राजाच्या श्रद्धेबद्दल आदर बाळगूनही हा फरक झाकता येत नाही.

त्याचा परिणाम स्तूपालाच भोगावा लागला. सोळाव्या शतकात समुद्री लुटारूंच्या धामधुमीत त्याचे लाकडी सज्जे जळाले. विटांचा गाभा उरला. त्या विटा घरात ठेवल्याने अरिष्ट टळते, अशा समजुतीने लोक त्या उपसून नेऊ लागले. पाया पोखरला गेला आणि २५ सप्टेंबर १९२४ रोजी स्तूप कोसळला. लू शून या लेखकाने या पडझडीवर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. ढिगाऱ्यातून धारणीच्या गुंडाळ्या निघाल्या, पण साडेनऊ शतकांच्या ओलाव्याने पुष्कळ कुजून गेल्या होत्या.

इ. स. २००१ मध्ये पायाखालील कक्ष उघडला असता चांदीचा, सोन्याचा मुलामा दिलेला अशोक-स्तूप मिळाला. पुढच्या वर्षी जुन्या अवशेषांवर नवा स्तूप उभा राहिला. छ्येन छूच्या या स्तूपांच्या चार बाजूंस बोधिसत्त्वाच्या त्यागाचे चार प्रसंग असतात: वाघिणीला देहदान, शिरदान, नेत्रदान आणि कबुतरासाठी स्वतःचे मांस देणारा शिबी राजा. पालि सिविजातकात (क्र. ४९९) सिवी राजा डोळे देतो, कबुतर तेथे नाही, चीनमध्ये नेत्रदान दुसऱ्या राजाच्या नावे गेले आणि शिबीकडे कबुतर राहिले. कबुतराची हीच कथा अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात, छ्येन छूच्या सुमारे पाच शतके आधी, भिंतीवर रंगविलेली आहे.