बौद्ध कोरीव लेखांचे संपादन (उत्तर कोकण)

लेणी, स्तूप व विहार यांत आढळणाऱ्या कोरीव लेखांची प्रत घेणे, तिचे वाचन करणे, पदे पाडून पाठ निश्चित करणे व तो भाषांतर आणि टीपांसह विद्वत्परिषदांच्या नियतकालिकांत छापण्याजोगा करणे, या सर्व क्रियांना मिळून लेखसंपादन म्हणतात. बौद्ध धर्माच्या इतिहासाचे पश्चिम भारतातील साधन मुख्यतः ग्रंथांत नसून दगडावर आहे. त्यामुळे येथील बौद्ध अध्ययनाचा पाया हस्तलिखितांच्या संपादनापेक्षा लेखांच्या संपादनाने घातला गेला. हे काम किती नाजूक आहे, हे डहाणू व तलासरी या परिसराच्या प्राचीन उल्लेखावरून चांगले कळते.

डहाणूचा प्राचीन उल्लेख डहाणूत नाही; तो नासिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावरील (पांडवलेणी) १० क्रमांकाच्या विहारात आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई व दीनिकाचा पुत्र उषवदात याने हे लेणे कोरविले. ओसरीच्या मागील भिंतीवर, छताखाली, त्याच्या दानांची नोंद आहे. तीत इबा, पारादा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका या सहा नद्यांवर त्याने नावांची विनामूल्य उताराची सोय केली, त्यांच्या दोन्ही काठांवर विश्रांतिगृहे व पाणपोया बांधल्या, असे म्हटले आहे. यांपैकी तापी उघड आहे. पारादा म्हणजे पार, दमणा म्हणजे दमणगंगा आणि दाहनुका म्हणजे डहाणूची खाडी, हे समीकरण सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे. इबा म्हणजे अंबिका व करबेणा म्हणजे तिला मिळणारी कावेरी, असे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सुचविले. याच लेखात नानंगोल गावातील ३२,००० नारळीच्या झाडांचे दान आहे. नानंगोल हे संजाणजवळचे नारगोळ होय. ते पूर्वी ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यात होते. १९६० मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले, तेव्हा तालुक्याचा बराच भाग गुजरातेत गेला व महाराष्ट्राकडे उरलेल्या गावांतून तलासरी हा वेगळा विभाग झाला. डहाणू व तलासरी हे तालुके १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत.

या नद्यांची नावे आज सहज वाचता येतात, ती संपादकांच्या श्रमामुळे. ब्राह्मी लेखात पदे सुटी लिहिण्याची पद्धत नाही. सहाही नावे, नाव (होडी), पुण्य व तर (उतारा) हे शब्द मिळून एकच लांब समास दगडावर सलग कोरलेला आहे. तो कोठे तोडावयाचा हे दगड सांगत नाही. नदीनामांच्या सीमा चुकल्या, तर नद्यांची संख्या बदलते आणि भूगोलही बदलतो. ‘दाहनुका’ या पदाला लगेच ‘नावा’ हे पद जोडलेले असल्याने येथे विशेष सावधगिरी लागते. प्राकृत लेखांत जोडाक्षरातील एक व्यंजन गाळले जाते व अनुस्वार पुष्कळदा कोरलेलाच नसतो. ही अडचण आणखी वेगळी.

मूळ प्रत मिळविणे ही पहिली पायरी. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केल्यावर लेण्यांतील लेखांची मागणी वाढली, पण आरंभीच्या प्रती डोळ्यांनी पाहून हाताने काढलेल्या होत्या. काढणाऱ्याला लिपी येत नसेल तर दगडावरील चीर मात्रा म्हणून उतरते, आणि लिपी थोडीशी येत असेल तर अपेक्षित अक्षर दगडावर नसताही दिसू लागते. यांतील दुसरा धोका अधिक मोठा म्हटला पाहिजे. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे नियतकालिक १८४१ पासून निघू लागले. त्यात रेव्हरंड स्टीव्हन्सन यांनी नासिकच्या लेखांची भाषांतरे प्रसिद्ध केली. त्यानंतर वेस्ट बंधूंनी १८६० नंतरच्या काही वर्षांत कान्हेरी व नासिक येथील लेखांच्या पुष्कळच काळजीपूर्वक केलेल्या प्रती त्याच नियतकालिकात दिल्या. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी नासिकच्या लेखांवरील आपला निबंध लंडन येथे १८७४ मध्ये भरलेल्या प्राच्यविद्या परिषदेकडे पाठविला. तो १८७६ मध्ये छापला गेला.

पुढे ठशाची पद्धत रूढ झाली. दगड स्वच्छ धुऊन त्यावर ओला कागद चिकटवावयाचा, ब्रशाने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवावयाचा व वरून शाई द्यावयाची, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे उमटतात. ठसा छापून प्रसिद्ध झाल्यामुळे वाचकाला संपादकाचे वाचन स्वतः तपासता येऊ लागले. लेखसंपादनातील खरी क्रांती हीच होय.

भगवानलाल इंद्रजी (१८३९–८८) यांचे कार्य या संदर्भात स्वतंत्र उल्लेखास पात्र आहे. जुनागढचे हे पंडित भाऊ दाजी लाड यांच्या सहवासात तयार झाले. ते आपले लेखन गुजरातीत करीत. त्याचे इंग्रजी रूप ब्यूलर यांच्यासारखे विद्वान किंवा इतर सहकारी करीत. सोपारा येथील स्तूप त्यांनी १८८२ मध्ये उघडला, आणि तेथील अवशेषांवरील त्यांचा निबंध मुंबई शाखेच्या नियतकालिकात आला. स्तूपातील दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक व त्यांच्याभोवती मांडलेल्या आठ ब्राँझ मूर्ती मिळाल्या. मुंबई गॅझेटिअरच्या नासिक खंडातील (१८८३) लेण्यांचे विवेचनही त्यांच्याच सामग्रीवर उभे आहे. त्याच वर्षी बर्जेस व ब्यूलर यांचा पश्चिम भारतातील बौद्ध लेण्यांवरील वृत्तांत प्रसिद्ध झाला. डहाणूच्या खाडीचे नाव दोन हजार वर्षांजवळ मागे नेणारे वाचन अशा रीतीने एका गुजराती हस्तलिखितातून इंग्रजी छपाईत आले. लायडन विद्यापीठाने भगवानलाल यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली.

छपाईसाठी पाठ मांडण्याचे नियम एपिग्राफिया इंडिका या नियतकालिकाने (आरंभ १८८८) स्थिर केले. प्रथम लेखाचे स्थान, मापे, लिपी व भाषा यांचे वर्णन, मग ओळींच्या क्रमांकांसह पाठ, खाली पाठभेद, नंतर भाषांतर आणि व्यक्ती व स्थळे यांवरील टीपा, असा क्रम असतो. झिजलेली अक्षरे चौकोनी कंसात घालतात व संपादकाने पदरचे घातलेले अक्षर तारांकनाने दाखवितात. जिनीव्हा येथील १८९४ च्या प्राच्यविद्या परिषदेने रोमन लिप्यंतराची पद्धत सुचविल्यावर टिंबे व रेघा असलेले खिळे छापखान्यांना ठेवावे लागले. सेनार या फ्रेंच पंडिताने नासिकच्या लेखांची जी आवृत्ती या नियतकालिकाच्या आठव्या खंडात (१९०५-०६) दिली, ती याच साच्यातील आहे. ल्यूडर्सच्या ब्राह्मी लेखसूचीत (१९१२) उषवदाताच्या या लेखाचा क्रमांक ११३१ आहे. लेखाचा पहिला भाग मोठ्या अक्षरांत, प्राकृताची छटा असलेल्या संस्कृतात व तृतीय पुरुषात आहे. उरलेला भाग लहान अक्षरांत, प्राकृतप्रचुर भाषेत व प्रथम पुरुषात आहे. हा दुसरा भाग पुरवणी असावा, हा निष्कर्ष अक्षरांचा आकार नोंदविल्याशिवाय काढता आला नसता. तसेच बौद्ध लेण्यातील या लेखात ब्राह्मणांना व चरक परिषदांना दिलेली दानेही आहेत. केवळ बौद्ध भाग उचलून छापणाऱ्या संकलनांतून हे चित्र विकृत होते.

मूळ साधन नष्ट झाल्यास प्रकाशित प्रतीवरच सर्व भार येतो. कान्हेरी येथे १८३९ मध्ये डॉ. बर्ड यांना सापडलेला, त्रैकूटक राजवटीच्या २४५ व्या वर्षाचा ताम्रपट पुढे हरवला. कृष्णगिरी महाविहाराचे नाव सांगणारा तो लेख आज बर्ड यांनी छापलेल्या प्रतिकृतीमुळेच वाचता येतो. त्या प्रतिकृतीतील चूक सुधारण्याचा मार्ग मात्र कायमचा बंद झाला आहे.

डहाणू तालुक्यात प्रत्यक्ष मिळालेली महत्त्वाची साधने बौद्ध नाहीत. चिंचणी येथे १९५५ मध्ये ताम्रपट सापडले व दिनेशचंद्र सरकार यांनी ते एपिग्राफिया इंडिकाच्या बत्तिसाव्या खंडात (१९५७-५८) संपादित केले. त्यांपैकी राष्ट्रकूट तिसरा इंद्र याच्या काळातील शके ८४८ (इ. स. ९२६) च्या पटात संजाण मंडळाचा ताजिक (अरब) अधिकारी मधुमती याने दोन प्रवाहांवर विनामूल्य उताऱ्याची सोय केली व अन्नछत्र घातले, असे नमूद आहे. उषवदाताच्या पुण्यतराशी असलेले याचे साम्य लक्षणीय आहे. नद्यांवर पूल नसलेल्या या किनाऱ्यावर, धर्म कोणताही असो, उतारा हे दानाचे एक रूढ अंग दिसते. नासिकच्या लेखाची मराठी वाचकांसाठी मूळ पाठासह मांडणी वासुदेव विष्णु मिराशी यांनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांच्या कोरीव लेखांवरील ग्रंथात (१९७९) केली.