गाडीतला गुलाब आणि पश्चिम खानदेशचं गवत

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानमालेत मोटारीचं काय काम? पण विषय मोटारीपासूनच सुरू होतो. गाडीत ‘डिफ्यूझर’ नावाच्या दोन वस्तू असतात. एक आत, एसीच्या जाळीला अडकवलेली अत्तराची कुपी. दुसरी बाहेर, मागच्या बंपरखाली वर चढत जाणारा काळा पत्रा किंवा प्लास्टिकचा भाग. दोघींचा एकमेकींशी संबंध नाही, पण शब्द एकच, कारण अर्थ एकच : एकवटलेलं असेल ते पसरवणं.

आधी बाहेरचा पाहू. गाडीचं पोट आणि रस्ता यांमधल्या अरुंद फटीतून हवा वेगाने जाते. मागे ही फट हळूहळू रुंद होते. तिथे हवेचा वेग कमी होतो आणि दाब वाढत वाढत बाहेरच्या हवेइतका होतो. म्हणजे त्याच्या अलीकडे, अरुंद जागी, दाब बाहेरच्यापेक्षा कमी असला पाहिजे. त्या कमी दाबामुळे गाडी रस्त्याला धरून राहते. गाडीच्या अख्ख्या पोटाचाच असा उपयोग लोटस कंपनीने 1977 च्या शर्यतीच्या गाडीत केला. पुढच्याच वर्षी मारिओ आंद्रेत्ती लोटसमधून जगज्जेता झाला. गाड्या वळणांवर इतक्या वेगाने जाऊ लागल्या की 1983 पासून फॉर्म्युला वनमध्ये सपाट पोटाची सक्ती झाली. आपल्या रोजच्या गाड्यांवर तो काळा भाग पुष्कळदा नुसता शोभेचा असतो, ते सोडा. लक्षात एवढंच ठेवा : डोळ्यांना दिसतो तो मागचा रुंद भाग, पण खरी गोष्ट घडते ती अलीकडच्या अरुंद जागी.

आता आतला डिफ्यूझर. वारा आणि ऊन या दोन गोष्टींवर कुपीतलं अत्तर उडतं. आपल्याकडे उन्हाची कमी नाही. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात बंद गाडी म्हणजे भट्टीच. लिंबाचा वास अशा गाडीत लवकर उडून जातो, गुलाबाचा मागे रेंगाळतो. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन 176 अंशांच्या आसपास उकळतं, तर गुलाबी वासातलं जिरॅनिऑल 230 अंशांच्या आसपास. जो जड, तो सावकाश उडतो. परदेशी बनावटीच्या कुप्यांवर बारीक अक्षरांत ‘जिरॅनिऑल’ हा शब्द अनेकदा सापडतो. आमची आजची गोष्ट या शब्दाची आहे.

1871 साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हा पदार्थ पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळा केला. नावावरून वाटतं की तो जिरॅनियमच्या झाडापासून काढला असणार. तसं नाही. तो काढला भारतातून गेलेल्या एका गवताच्या तेलातून. बाजारात त्या तेलाला ‘जिरॅनियमचं तेल’ म्हणत, म्हणून पदार्थाचं नावही तसंच पडलं. ते गवत म्हणजे आपलं रोशा, कुणी रोहिस म्हणतं, कुणी तिखाडी. पात चुरगळून हुंगली की गुलाबाची आठवण यावी असा वास येतो. याकोबसेनच्या हाती आलेली बाटली नेमकी कुठल्या डोंगरातली, हे सांगायचा आमचा दावा नाही. पण त्या काळी हे तेल मोठ्या प्रमाणावर निघायचं ते निमाडात आणि आपल्या खानदेशात. रावेर ओलांडून बऱ्हाणपूरकडे गेलं की निमाड सुरू होतो. म्हणजे दोन्ही प्रदेश एकमेकांना लागूनच.

1880 साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेशावरचा खंड निघाला. त्या काळच्या नोंदींत या धंद्याचं तपशीलवार वर्णन सापडतं. गावं आपल्या ओळखीची आहेत : पिंपळनेर, नंदुरबार, शहादा, तळोदा, अक्राणी. पावसाळा सरता सरता गवत पिकायला लागलं की भिल्ल ते कापत आणि तेल काढणारे मुसलमान कारागीर ते त्यांच्याकडून विकत घेत. भट्ट्या लागत त्या ओढ्याकाठी, कारण लाकूड आणि पाणी दोन्ही हाताशी. खड्ड्यात चूल, चुलीवर तांब्याचा किंवा लोखंडाचा मोठा हंडा. त्यात थोडं पाणी, वर काठोकाठ चिरलेलं गवत. झाकण बसवून कडा कणकेने लिंपायच्या. झाकणाच्या भोकातून वेळूची नळी काढायची. तिला फडकं गुंडाळून, उडदाच्या पिठाने लिंपून दोरीने करकचून बांधायचं. नळीचं दुसरं टोक दुसऱ्या बंद भांड्यात, आणि ते भांडं गळ्यापर्यंत वाहत्या पाण्यात बुडवलेलं. वाफ तिथे थंड व्हायची आणि पाण्यावर तेल तरंगायचं. कनोजचे अत्तरवाले देग-भपका वापरतात, त्याच जातीची ही रचना. स्वयंपाकघरातली कणीक आणि उडदाचं पीठ घेऊन माणसं एक नाजूक कारखाना चालवत होती!

तेल कातडी बुधल्यांत भरून बैलांच्या पाठीवर निघायचं. एक वाट कोंडाईबारीच्या घाटातून सुरतेला, दुसरी धुळे-मनमाडवरून मुंबईला. धुळ्याहून नवापूरकडे जाताना आपण आजही तोच घाट उतरतो, एसी लावून, समोर गुलाबाच्या वासाची कुपी अडकवून.

मुंबईहून तेल तांबड्या समुद्राच्या बंदरांना आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलला जायचं. तिथे त्याचं नाव ‘इद्रिस यागी’, म्हणजे इद्रिसचं तेल. ते शुद्ध करून, रंग फिका करून बल्गेरियातल्या कझानलिकच्या गुलाबतेलात मिसळलं जायचं. कधी भट्टी लावण्याआधीच ते गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडत, म्हणजे भेसळ ओळखायला आणखी अवघड. युरोपात गेल्यावर त्यालाच ‘तुर्की जिरॅनियम तेल’ म्हणू लागले. ना ते तुर्की, ना जिरॅनियम.

वनस्पतिशास्त्राने तरी न्याय केला का? गवताचं शास्त्रीय नाव ‘सिम्बोपोगॉन मार्टिनी’. हा मार्टिन म्हणजे लखनौचा फ्रेंच जनरल क्लोद मार्टिन. टिपू सुलतानाविरुद्धच्या लढाईच्या काळात त्याने बालाघाटच्या उंच प्रदेशातून या गवताचं बी गोळा केलं, म्हणून रॉक्सबर्गने त्याचं नाव दिलं. व्यापाऱ्याचं, सेनापतीचं, परक्या फुलाचं अशी सगळी नावं या गवताला चिकटली. पिंपळनेरचं नाव चिकटलं नाही. विळा चालवणाऱ्या भिल्लाचं तर नाहीच.

कुणी म्हणेल, नावात काय आहे? आम्हाला वाटतं, नावात भाव आहे. तेल ‘तुर्की’ झालं की त्याची किंमत तुर्कस्तानात ठरते. गुलाबात मिसळलं की गुलाबाच्या भावाने विकलं जातं आणि तो फरक मधल्या हातांत राहतो. ओढ्याकाठी मिळायचा तो गवताचाच भाव. त्यात 1878 च्या वनकायद्याने राखीव जंगलातल्या गवतावरही सरकारी ताबा बसवला. मग पात कापणारा स्वतःच्याच डोंगरात परवानगी मागणारा झाला. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क मान्य केला, आणि त्याच्या व्याख्येत झाडाझुडपांपासून मिळणारं लाकडाखेरीजचं सगळं येतं. म्हणजे गवतही येतं.

आज जिरॅनिऑल बव्हंशी कारखान्यात, टर्पेंटाइनमधल्या घटकापासूनही बनतं. तुमच्या कुपीत खानदेशचं तेल आहे असं आम्ही म्हणत नाही. पण शुद्ध जिरॅनिऑलची ओळख रोशासारख्या भारतीय गवताच्या तेलातून झाली, हे विसरू नये. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आपल्याला आनंद झाला. तो आनंद वांग्याच्या चवीचा नव्हता, चव आधीपासून होतीच. माल बाहेर जाताना गावाचं नाव सोबत जाणार, याचा तो आनंद होता. पश्चिम खानदेशातून कुणी उद्या पुन्हा रोशाची भट्टी लावली, तर पहिल्या बाटलीवर गावाचं आणि गवत कापणाऱ्यांच्या ग्रामसभेचं नाव असावं, एवढंच आमचं म्हणणं आहे.

पुढच्या वेळी कोंडाईबारीत एसीच्या जाळीतून गुलाबाचा वास आला, की काच थोडी खाली करा आणि घाटातल्या ओढ्यांकडे एकदा बघा.