नायगावच्या मांडवात एक खुर्ची

तीन जानेवारी, सावित्रीबाई फुल्यांचा जन्मदिवस. सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं नायगाव. नऊवारी नेसलेल्या, कपाळावर आडवं कुंकू लावलेल्या शाळकरी पोरी सावित्रीबाईंच्या माहेरच्या वाड्यात शिरतायत. त्यांच्यामागून तुम्ही उंबरा ओलांडता आणि बाहेर पडता ते थेट १८९७ च्या मार्चमध्ये, पुण्याजवळच्या मुंढव्यात.

प्लेगची साथ आहे. माणूस माणसाजवळ जायला धजत नाही. महारवाड्याच्या वाटेनं सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई येतायत. पाठीवर बाबाजी गायकवाडांचा पांडुरंग, तापानं फणफणलेला. "द्या माझ्याकडं," असं म्हणायला तुम्ही पुढं होता, पण त्या थांबत नाहीत. हडपसरच्या बाजूला त्यांच्या दत्तक मुलाचा, यशवंताचा, दवाखाना आहे, तिथवर पोचायचंय. १० मार्चला त्याच प्लेगनं त्यांना नेलं.

आपण त्यांना पहिली शिक्षिका म्हणून पुजतो आणि ते योग्यच आहे. पण ज्या कामात त्यांचा प्राण गेला, ते काम परिचारिकेचं होतं. ही गोष्ट आपल्या भाषणांत फार कमी येते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शाळेनं पोरांच्या तब्येतीकडं कसं बघितलं, ते बघायला पुढं चला. १९३० च्या दशकातलं, साताऱ्याकडचं औंध संस्थान. यमाईच्या डोंगराखाली नुकतं फटफटलंय आणि पोरं रांगेत सूर्यनमस्कार घालतायत. संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे आहेत. खुद्द राजे, भवानराव पंतप्रतिनिधी, रोज घालतात. मग पोरांना सबब कुठली? मुलाच्या पाटीइतकीच त्याची छाती-पाठही शाळेनं बघायची, हे या माणसानं ओळखलं होतं. त्याआधी, १९०९ साली, सयाजीरावांच्या बडोद्यात शाळकरी मुलांची डॉक्टरी तपासणी झाली होती, देशातली पहिली.

पण नुसत्या तपासणीनं भागत नाही. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर शाळेत येत, खरूज, उवा, डोळे आलेली मुलं हुडकून घरी पाठवत, आणि ती मुलं घरीच बसत. लिलियन वॉल्ड या परिचारिकांच्या पुढारी बाईंनी १९०२ च्या ऑक्टोबरात आपली एक परिचारिका, लीना रॉजर्स, महापालिकेला उसनी दिली. लीनाबाई शाळेतच मलम लावायच्या, संध्याकाळी घरी जाऊन आईला समजावून सांगायच्या. आदल्या सप्टेंबरात दहा हजारांवर मुलं घरी पाठवली होती; पुढच्या सप्टेंबरात ती अकराशेवर आली.

आता आजच्या जत तालुक्यात उतरा. जिल्हा परिषदेच्या शाळेपुढं गाडी थांबलीय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक आलंय; हा कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ ला आपल्याच पालघरात सुरू झाला. दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक सिस्टर. व्हरांड्यात वजनकाटा, भिंतीला डोळ्यांचा तक्ता.

"सिस्टर, टोचणार न्हाई न्हवं?"

"न्हाई रे बाळा. आ कर बघू."

दुसरीतला पोरगा. किडलेली दाढ, फुटलेले ओठ. सिस्टर त्याचा डावा डोळा झाकतात, तिसऱ्या ओळीला तो अडखळतो. "फळ्यावरचं दिसतं का रं?" पोरगा मान खाली घालतो. वर्गशिक्षक पुटपुटतात, "आम्हाला वाटलं, लक्षच देत नाही." सिस्टर चिठ्ठी लिहितात, आईचा फोन नंबर पुन्हा विचारून त्याच चिठ्ठीवर घेतात आणि पेनानं खाली रेघ मारतात. त्या रेघेवर पोराचा चष्मा अवलंबून आहे. आई मजुरीला गेलेली, ऊसतोडीला निघालेली असेल, तर तिला पुन:पुन्हा फोन कोण करणार? ह्याच.

दुपारनंतर गाडी पुढच्या शाळेला लागते. अंगणवाडीत हे पथक वर्षातून दोनदा येतं, शाळेत एकदा. उरलेले दिवस पोटात दुखलं, झटका आला, मुलीला पहिल्यांदा पाळी आली, तर सगळं गुरुजी-बाईंवर. त्यांनी किती ओझी उचलायची?

तुम्ही परत नायगावात आलात. मांडवात सत्कार चाललेत. शिक्षकांच्या राज्य पुरस्काराला सावित्रीबाईंचं नाव आहे, असू द्या. पण त्या व्यासपीठावर शाळेच्या सिस्टरसाठी एक खुर्ची ठेवा. आणि शाळेला कायमची परिचारिका हवी म्हणून ग्रामसभेत उठून बोलणारा सरपंच असेल, जिल्हा नियोजनाच्या बैठकीत ते पद मागणारा आरोग्य अधिकारी असेल, तर शाल-श्रीफळ आधी त्यांना द्या. येत्या तीन जानेवारीला तुमच्या शाळेत कार्यक्रम ठरवताना पथकातल्या सिस्टरांना निमंत्रण पाठवा. त्यांचा नंबर मुख्याध्यापकांकडे असतो.