पाणचक्की ते पीएलसी: स्वयंपाकघराला कोणता संगणक हवा?

१/ औरंगपुऱ्यातील एखाद्या उपाहारगृहाने स्वयंपाकघरातील यंत्रे स्वयंचलित करायचे ठरवले, तर पहिला प्रश्न येतो तो संगणक कोणता घ्यावा हा. मित्रहो, उत्तराची सुरुवात आपल्याच शहरातल्या पाणचक्कीपासून करता येते.

२/ बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातील ही चक्की म्हणजे सामुदायिक स्वयंपाकघराचे उपकरणच. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून येई, त्याच्या बळावर जाते फिरे आणि फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई.

३/ पण जात्यात दाणे किती पडावेत, हे कोण ठरवणार? हिमालयातील घराटांत, म्हणजे आडव्या चाकाच्या पाणचक्क्यांत, धान्याच्या पन्हळीला बांधलेली काठी फिरत्या जात्यावर टेकलेली असते. वेग वाढला की ती अधिक थरथरते, दाणे अधिक पडतात. जाते थांबले की दाणेही थांबतात.

४/ १७८८ मध्ये जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनाला गतिनियंत्रक जोडला. वेग वाढताच फिरते गोळे फाकत आणि वाफेची झडप मिटू लागे. १८६८ मध्ये मॅक्सवेलने अशा नियंत्रकांचे गणित मांडले.

५/ विसाव्या शतकात मोटार कारखान्यांत रिलेंची जंजाळे आली. मॉडेल बदलले की सगळी तारजोडणी नव्याने करावी लागे. त्यावर उपाय म्हणून १९६९ च्या सुमारास ‘मोडिकॉन ०८४’ हा पीएलसी आला. आता तारांऐवजी प्रोग्राम बदलणे पुरे झाले. सत्तरच्या दशकात मायक्रोकंट्रोलर आले आणि हळूहळू घरगुती उपकरणांतही नियंत्रण एका चिपमध्ये मावू लागले.

६/ निवड याच इतिहासातून उलगडते. भात शिजवण्यासारखे एकच ठरलेले काम असेल, तर मायक्रोकंट्रोलर पुरतो. अनेक यंत्रांचा मेळ, वाफ, उष्णता आणि विजेचे चढउतार असतील, तर औद्योगिक पीएलसी घ्यावा. ऑर्डर, साठा, बिल यांना साधा संगणक चालतो. मात्र शेगडीचा ताबा त्याच्याकडे देऊ नये. अपडेटसाठी तो मध्येच पुन्हा सुरू होऊ शकतो, तेव्हा कढईखालची आच कोण कमी करणार?

७/ म्हणून खरेदीपूर्वी संगणकाच्या वेगाआधी विचारावे: तो बंद पडला तर यंत्र कोणत्या स्थितीत राहील? गॅस-शेगडीच्या सुरक्षा-झडपेला प्रोग्राम लागत नाही. ज्योत विझली की थर्मोकपल थंड होते आणि स्प्रिंग झडप मिटवते. घराटातील काठीचे काम इथेही चालूच आहे.